गळ्याचं माप

आज शिंपी आला.
आधी दोन कुलपं, मग अडसर, मग पुन्हा एक कुलूप,
आणि त्यामागून हा म्हातारा थानास,
काखेत बोचकं, तोंडात तीन टाचण्या.
वीस वर्षांत या दारातून आलेला
चौथा नवा माणूस.
(पहिला हकीम. दुसरा, त्या हकिमाच्या जागी आलेला हकीम.
तिसऱ्याबद्दल इथे कुणी बोलत नाही.)

म्हणाला, सुलतानांना मुलगा झालाय.
साऱ्या शहजाद्यांना नवे काफ्तान शिवायचेत.
साऱ्या, म्हणजे मला.
बाकीच्यांची मापं
कधीच घेऊन झाली.

टाचण्या काढून त्याने दोरा उलगडला.
साधा, मेण लावलेला.
खांद्यावरून फिरला, छातीवरून,
मनगटाला वळसा घालून
गळ्याशी आला

आणि मी मेर्जानकडे पाहिलं.

मेर्जान जन्माचा बहिरा, मुका.
मी पंधरा वर्षांचा इथे आलो तेव्हा
त्यानेच मला हातांचं बोलणं शिकवलं.
समुद्र म्हणजे पालथा पंजा, संथ हलणारा.
बर्फ म्हणजे बोटं, खाली येता येता
कुठे जायचं ते विसरलेली.
आई म्हणजे गालाला टेकलेले दोन पेर.
लोक म्हणतात, याच हातांनी
माझ्या धाकट्या भावाला, इल्यासला,
अक्रोड फोडत बसला असताना...
रेशमी दोरी. आमच्या घराण्याचं रक्त
जमिनीला लागू द्यायचं नसतं, एवढा आमचा मान.
त्या शब्दाची खूण मेर्जानने मला शिकवली नाही.
मीही मागितली नाही.
रोज सकाळी तो माझं दूध आधी चाखून बघतो.

बापाच्या गळ्यातला ताईत होतो मी.
बाप गेला. ताईत कुठे ठेवायचा,
प्रश्नच पडला साऱ्यांना.

मग मी चमचे करायला शिकलो.
शहजाद्याला एक तरी हुन्नर हवा, अशी इथली रीत.
पिवळ्या लाकडाचे, लांब दांड्याचे, सरबताचे, सूपाचे,
सातशेच्या वर झाले असतील.
मेर्जान ते बाजारात विकून येतो.
गलात्यात कुणी नावाड्याची बायको
माझ्या चमच्याने मसुराचं सूप ढवळत असेल,
खारट झालं म्हणून नवऱ्यावर चिडत असेल.
माझं राज्य असलंच तर तेवढं.

आईला जुन्या सराईत नेलं, त्याच आठवड्यात.
दर ईदला ती जर्दाळू पाठवते,
वयाच्या प्रत्येक वर्षाला एक.
पहिल्या ईदला सोळा आले.
गेल्या ईदला चौतीस.
या ईदलाही चौतीस.
मी चटईवर ओळीने मांडून मोजले.
मेर्जानला मोजायला लावले.

थानासने आकडा लिहिला नाही.
दोरा जिथे भेटला तिथे एक गाठ मारली, बस्स.
मग मान वाकडी करून विचारलं,
"दोन बोटं सैल ठेवू का, एफेंदी?"

वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं
मला काय सैल हवं, काय घट्ट.
घसा खाकरावा लागला.
म्हणालो, "तीन ठेव."

तो गेला. कुलूप, अडसर, कुलूप, कुलूप.
गाठ मारलेला दोरा त्याच्या खिशात.
आतापर्यंत तो घाटावर पोचला असेल,
होडीत बसला असेल, मासेवाल्याशी घासाघीस करत असेल,
आणि माझा गळा, तीन बोटं सैल,
बॉस्फरसच्या वाऱ्यात त्याच्याबरोबर.

इकडे मेर्जानने खाली पडलेला
दोऱ्याचा तुकडा उचलला.
बोटाभोवती गुंडाळून पाहिला,
माझ्याकडे न बघता
शेगडीत टाकला.
मेणाचा वास बराच वेळ राहिला.
मी चाकू घेतला. चमच्याचा दांडा
अजून थोडा जाड होता.